खिळा एक, टायर चार

माणसांचे पंथ किती, याबद्दल विद्वानांत मतभेद असतील. पण गाडीच्या चाकात खिळा घुसला की दोनच पंथ उरतात. एक पंक्चर काढणाऱ्यांचा आणि दुसरा टायर बदलणाऱ्यांचा. पहिला म्हणतो, "बनवून घेऊ." दुसरा म्हणतो, "रिस्क कशाला?" मी जन्माने, संस्काराने आणि खिशाने पहिल्या पंथातला आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे निःपक्षपातीपणाचं सोंग आणायला नको.

घुग्घुसच्या माणसाला या विषयावर बोलायचा अधिकार आहे. आमच्या गावाला एकीकडे कोळशाच्या खाणी, दुसरीकडे सिमेंटचा कारखाना आणि मधून रात्रंदिवस धावणारे ट्रक. ट्रकांतून कोळसा तर सांडतोच. शिवाय नट, बोल्ट, खिळे, ताडपत्रीचे आकडे हेही सढळ हाताने सांडतात. इतर गावांत पहाटे प्राजक्ताचा सडा पडतो, आमच्याकडे लोखंडाचा पडतो. त्यामुळे घुग्घुसचं मूल आधी 'पंचर' हा शब्द शिकतं आणि मग पाढे.

अशा गावात माझा भाचा पुण्याहून स्पोर्ट्‌स कार घेऊन आला. निमित्त घरातल्या साक्षगंधाचं. गाडी लाल, बुटकी, आणि दोनच माणसांची. एवढे पैसे मोजून दोनच सीट का घ्याव्या, हे आमच्या हिला अजून कळलेलं नाही. पडोलीवरून घुग्घुसकडे वळल्यावर कोळशाच्या ट्रकांच्या रांगेत ती गाडी म्हशींच्या कळपात चुकून शिरलेल्या मांजरीसारखी दिसत असणार. दारात येऊन थांबली तेव्हा मागचं उजवं चाक खाली बसलेलं होतं, आणि त्याच्या बरोबर मध्यभागी एक खिळा चमकत होता.

"स्टेपनी काढ," मी म्हटलं.

"मामा, या गाडीला स्टेपनी नसते."

मी सर्द झालो. पण यात भाच्याचा दोष नाही. २०२० साली केंद्र सरकारनेच नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असला, तर मोटारीत जादा चाक ठेवण्याची सक्ती उरली नाही. म्हणजे सरकारही आमच्याच पंथाचं! जादा चाक नको, दुरुस्तीचं सामान ठेवा, असं खुद्द कायदा म्हणतो. 'स्टेपनी' हा शब्द मात्र बिचारा वेल्समधल्या लानेल्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथे १९०४ साली डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला काढलं. तो शब्द आपल्याकडे इतका रुजला की गाड्यांतून चाक गेलं तरी तोंडातून शब्द जाणार नाही.

भाच्याने पुण्याच्या शोरूमला फोन लावला आणि माझ्याकडे पाहून स्पीकर सुरू केला. तिकडचा आवाज अतिशय गोड होता. महागडं सांगणारे आवाज नेहमी गोडच असतात. "सर, परफॉर्मन्स टायर आहे. रिपेअर रेकमेंड करत नाही. रिप्लेस करा." किंमत कळली. तेवढ्यात माझी पहिली स्कूटर दोनदा आली असती. पुढे आवाज म्हणाला, "सर, एकच नवा टाकला तर मागच्या दोन चाकांत फरक पडेल. दोन्ही टाका." थोड्या वेळाने, "आणि सर, मागे नवे, पुढे जुने म्हणजे ग्रिप अनबॅलन्स. चारही टाकलेत तर ऑफर आहे."

हिशेब बघा. खिळा एक. भोक एक. टायर चार. या रीतीने दाढ किडलेल्या माणसाला दंतवैद्याने बत्तीशी बदलायला सांगावी, आणि वरच्या ओठाचा खालच्याशी मेळ राहावा म्हणून नवं तोंडही सुचवावं.

आता या गोड आवाजाचे मुद्दे एकेक घेऊ. पहिला मुद्दा वेगाचा. त्या टायरच्या अंगावर २५५/३५ झेडआर १९ आणि पुढे ९६ वाय असं कोरलेलं होतं. ही भाषा समजून घेण्यासारखी आहे. टायरची रुंदी २५५ मिलिमीटर. त्याच्या पस्तीस टक्के, म्हणजे जेमतेम चार-साडेचार बोटं, बाजूच्या भिंतीची उंची. १९ इंचांची रिम. ९६ म्हणजे ७१० किलो वजन पेलण्याची शक्ती. आणि वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटरचा वेग. दुरुस्त केलेल्या टायरचं हे वेगाचं अक्षर धरू नका, असं काही कंपन्या सांगतात. कबूल. ज्याला ताशी ३०० ने जायचं आहे त्याने खुशाल नवा टायर घ्यावा. पण जायचं कुठे? समृद्धी महामार्गावर मोटारीला १२० ची मर्यादा आहे. घुग्घुस ते पडोली रस्त्यावर वेग किती ठेवायचा, हे तुमचा टायर ठरवत नाही, पुढचा ट्रक ठरवतो. कोळशाच्या ट्रकामागे वाय, झेड आणि बैलगाडी सगळे समान आहेत. आमच्याकडची समता ती हीच.

दुसरा मुद्दा प्रतिष्ठेचा. 'परफॉर्मन्स' टायरला ठिगळ शोभत नाही म्हणे! विमानापेक्षा मोठी प्रतिष्ठा कोणाची? प्रवासी विमानाचा टायर ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेगाने धावपट्टीला टेकतो, आणि त्याच्यावर पुन्हा पुन्हा नवा रबरी थर चढवून तोच वापरतात. तिकिटाचे पैसे मोजून आपण रिट्रेड केलेल्या टायरवर उतरतो, वर टाळ्याही वाजवतो. आपल्या एस.टी.चे तर टायर रिट्रेडिंगचे स्वतःचे कारखाने आहेत. त्या टायरांवर महाराष्ट्राच्या पिढ्या शाळेला, बाजाराला आणि सासरी गेल्या. आणि खुल्या खाणीतल्या शंभर टनी डंपरचा टायर पाहा. उभ्या माणसाहून उंच. त्याला चीर गेली तर कोणी फोन करून चौघांची ऑफर विचारत नाही. तपासतात, झेपणारी असेल तर आतून रबर भरून तापवतात आणि पुन्हा कामाला जुंपतात. विमान, एस.टी. आणि डंपर यांना जे चालतं ते भाच्याच्या गाडीला चालत नाही, याचा अर्थ ती गाडी फार मोठी आहे असा नाही. तिचं गिऱ्हाईक फार भोळं आहे असा आहे.

तिसरा मुद्दा परंपरेचा, आणि तो मीच काढतो. आज टायरच्या धंद्यात ज्या मिशलँ कंपनीचं नाव एवढं मोठं, तिचा टायरचा धंदाच मुळात एका पंक्चरमधून निघाला. १८८९ साली फ्रान्समधल्या क्लेर्माँ-फेराँ गावात तिच्या कारखान्यात एक सायकलस्वार फुटका टायर घेऊन आला. तेव्हा टायर रिमला चिकटवलेला असे. दुरुस्तीला तीन तास लागले, वर डिंक वाळायला अख्खी रात्र. आणि दुसऱ्या दिवशी थोडंसं चालवताच पुन्हा फुस्स! एदुआर मिशलँ नवा टायर टाका म्हणाला नाही. सहज काढून सहज दुरुस्त करता येईल असा टायर त्याने तयार केला आणि १८९१ साली पेटंट घेतलं. पुढच्या वर्षीच्या सायकल शर्यतीत तर या कंपनीने रस्त्यावर मुद्दाम खिळे पसरले. कशाला? पंक्चर किती लवकर काढता येतं हे लोकांना दिसावं म्हणून! असा हा टायरवाल्यांचा मूळ पुरुष. आणि त्याच व्यवसायातले आजचे विक्रेते खिळा पाहून सुतक पाळतात.

खिळे पसरण्याची ती कल्पना आपल्याकडेही नकळत राबवली गेली. २०२५ च्या सप्टेंबरात समृद्धी महामार्गावर छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात रात्री काही गाड्यांची चाकं फुटली. रस्त्यात खिळे ठोकलेत म्हणून गाजावाजा झाला. मग खुलासा आला की ते खिळे नव्हेत. काँक्रीटच्या भेगांत रसायन भरण्यासाठी बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या होत्या. म्हणजे रस्त्याचं पंक्चर काढता काढता गाड्यांचं झालं. पण एक पाहा: भेग पडली म्हणून रस्ता उखडून नवा टाका, असं तिथे कोणी म्हटलं नाही. रस्त्याला दुरुस्ती, आणि टायरला मात्र थेट फाशी!

आता विरुद्ध बाजूचा एकच मुद्दा खरा आहे, आणि तो मी मान खाली घालून ऐकतो. तो जिवाचा. टायरवर चेष्टा पुरे, असं म्हणण्याचे प्रसंग विदर्भातल्या घराघरांनी पाहिले आहेत. आमच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, डांबर पातळ होतं, आणि हवा कमी असलेला टायर मैलामैलाला आतून भाजत जातो. म्हणून पंक्चर काढायचं म्हणजे कसंही बुजवायचं, असं म्हणणारा माझ्या पंथातला नव्हे. त्याला मी ओळखत नाही.

आमच्या पंथाचे नियम कडक आहेत. भोक जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्यात, मधोमध हवं आणि सहा मिलिमीटरहून मोठं नको. बाजूच्या भिंतीला किंवा खांद्याला इजा झाली तर हात जोडावे. कारण ती भिंत चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि सरळ होते, तिथे ठिगळ टिकत नाही. हवा गेल्यावर टायर तसाच चालवला असेल तर वरून धडधाकट दिसूनही आतून त्याचा भुगा झालेला असतो. आणि बाहेरून खुपसलेली चिकट वात ही तात्पुरती सोय. खरं काम म्हणजे टायर रिमवरून उतरवून, आत पाहून, आतून छत्रीसारखा पॅच बसवणं. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली असेल तर खिळ्याची वाटसुद्धा पाहू नये. टायर सरळ बदलावा. चारही चाकांना इंजिनाची ताकद जाते अशा गाडीत एक टायर कोरा करकरीत आणि तीन झिजलेले, हेही बरं नव्हे. गोड आवाजाचं तेवढं म्हणणं मी त्याच्या पदरात घालतो.

पण हे सगळं कळायला टायर पाहावा लागतो. माझं भांडण एवढंच आहे. गोड आवाजाने टायर पाहिला नव्हता. खिळा कुठे आहे, केवढा आहे, गाडी त्यावर किती चालली, यातलं एकही त्याने विचारलं नाही. त्याने विचारला तो गाडीचा नंबर.

आमच्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्याने पाहिला. तो गुडघ्यावर बसला, भिंतीवरून बोटं फिरवली, पाणी टाकून बुडबुडे बघितले आणि म्हणाला, "टायरले काई नाई झालं, भाऊ. बीचमंदीच हाय खिळा." त्याने खिळा काढून वात घातली, दीडशे रुपये घेतले आणि वर बजावलं, "हे कामचलाऊ हाय. माह्याकडं याची मशीन नाई, रिमले ओरखडे पडतीन. चंद्रपूरले जाऊन अंदरून पॅच मारा. आन्‌ तवरीक चाळीसच्या वर नोका जाऊ." चंद्रपूरला मशीनवर टायर उतरला, आतून स्वच्छ निघाला, पॅच बसला. पाचशे रुपये.

त्याच पंक्चरवाल्याकडे, आमच्यासमोरच, एक जीपवाला आला होता. त्याच्या टायरच्या भिंतीला बोटभर चीर. तो म्हणत होता, दोनशे घे, तीनशे घे, पण बनवून दे. वणीपर्यंत जायचं आहे. पंक्चरवाल्याने चिरेवर अंगठा ठेवला आणि मान हलवली. "हे बनत नाई. पोरंबाळं बसतीन तुह्या जीपमंदी. स्टेपनी लाव आन्‌ हे फेक." आणि पैसे घेतले नाहीत.

म्हणून सांगतो, हा वाद काटकसर विरुद्ध सुरक्षितता असा नाहीच. ज्याने टायर पाहिला त्याने एकाला जीवदान दिलं आणि दुसऱ्याला फाशी. दोन्ही वेळी त्याला स्वतःला फायदा झाला तो दीडशे रुपयांचा. ज्याने पाहिला नाही त्याचा निकाल प्रत्येक वेळी एकच, आणि फायदाही प्रत्येक वेळी त्याचाच. सुरक्षितता या शब्दामागे उभं राहून जो माल विकतो, त्याला एकच प्रश्न विचारावा: "आत पाहिलंत का?"

शिवाय टाकलेला टायर जातो कुठे? तो कुजत नाही, विरघळत नाही. कुठे भट्टीत जळतो, कुठे पावसाचं पाणी साठवून डास पाळतो. आमच्या जिल्ह्यात त्याला एकच सामाजिक प्रतिष्ठा आहे: रास्ता रोकोच्या वेळी तो चौकात पेटतो. कोळशाच्या धुळीने आधीच काळ्या झालेल्या आमच्या आभाळाला त्या धुराची अजिबात गरज नाही.

तेव्हा मंडळी, चाकात खिळा घुसला तर घाबरू नका, आणि फोन तर मुळीच करू नका. जो टायरजवळ गुडघ्यावर बसतो त्याच्याकडे जा. तो 'बनते' म्हणाला तर बनवून घ्या. तो 'बनत नाई' म्हणाला तर एका शब्दाने हुज्जत न घालता नवा टाका. एकच. चार नव्हे.