पर्जन्यमापक कपाटातून बाहेर काढा

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत किती पाऊस पडला? वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक विद्यार्थी ‘९४४ मिलिमीटर’ असे सांगतात. उत्तर चूक नाही, पण ते सांताक्रूझचे आहे. २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत अवघा ७३ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. दोन्ही वेधशाळा एकाच शहरात आहेत आणि त्यांच्यातले अंतर वीस-बावीस किलोमीटर आहे. या दोन आकड्यांची सरासरी काढली तर ती ५०९ च्या आसपास येते. म्हणजे जो पाऊस कुलाब्यालाही पडला नाही आणि सांताक्रूझलाही नाही, तो!

मग गिरगावात किती पडला? लालबागला किती, परळला किती? या दोन आकड्यांवरून त्याचे उत्तर मिळत नाही.

पाठ्यपुस्तकात मुंबईच्या हवामानाला दोन ओळी मिळतात. हवामान सम व दमट, पाऊस नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपासून, उन्हाळा-हिवाळ्यातला फरक थोडा. परीक्षेला हे पुरते. परंतु ज्याने ऑक्टोबरात दादरच्या पुलावर घाम पुसला आहे आणि जानेवारीत पहाटेच्या शिकवणीला स्वेटर घालून गेला आहे, त्याला हे वर्णन अपुरे वाटले पाहिजे. २२ जानेवारी १९६२ ची पहाट घ्या. सांताक्रूझला तापमान ७.४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. कुलाब्याला ते ११.७ अंशांवर थांबले. शहर तेच, रात्र तीच, फरक चार अंशांहून अधिक. कुलाब्याला तिन्ही बाजूंनी समुद्र आहे आणि पाणी आपली उष्णता सावकाश सोडते. निरभ्र रात्री उत्तरेकडून कोरडे वारे येऊ लागले की सांताक्रूझची जमीन मात्र झपाट्याने निवते. ‘मुंबईची थंडी’ किंवा ‘मुंबईचा पाऊस’ असे आपण एकवचनात म्हणतो, ते केवळ बोलण्याच्या सोयीसाठी.

पावसाच्या बाबतीत हा फरक फार महाग पडतो. हिंदमाताचेच उदाहरण पाहू या. जुन्या सात बेटांमधील खाड्या व दलदली भरून आजची सलग मुंबई झाली. भराव पडला, तरी परळ-दादरचा बराच भाग सखलच राहिला, आणि हिंदमाता हा त्यातला बशीसारखा खोलगट भाग. शहरातील जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी सुमारे २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील एवढ्याच ताकदीच्या होत्या. त्यातून समुद्राला मोठी भरती असेल तर पाणी बाहेर जायलाच वाव नाही. ते रस्त्यावर साचते. अलीकडे परळच्या व दादरच्या मैदानांखाली पाणी साठवण्याच्या मोठ्या टाक्या बांधल्या आहेत, त्याने बराच उतार पडला. तरीही, इथल्या मुलाने घरी कधी निघावे हे कुलाब्याच्या चोवीस तासांच्या आकड्यावरून ठरत नाही. गेल्या तासाभरात परळमध्ये किती पडला आणि भरती किती वाजता आहे, यावरून ते ठरते.

आता मुद्द्याकडे येतो. माझ्या माहितीतल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत पितळी नरसाळ्याचा उत्तम पर्जन्यमापक आहे. तो काचेच्या कपाटात असतो. कपाटाला कुलूप असते. विद्यार्थी त्याची आकृती काढतात, भागांना नावे देतात आणि गुण मिळवतात. बिचाऱ्या पर्जन्यमापकाला पाऊस कसा तो माहीत नाही! माझे म्हणणे असे की गिरगावपासून दादरपर्यंतच्या प्रत्येक शाळेने तो बाहेर काढावा, आणि नसेल तर करावा. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे वेधशाळेच्याच वेळेला, एका विद्यार्थ्याने पाणी मोजून वहीत लिहावे.

करायला काही कठीण नाही. दहा सेंटिमीटर व्यासाचे नरसाळे व एक बाटली घ्या. नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर येते. म्हणून बाटलीत जमलेले प्रत्येक ७.८५ घनसेंटिमीटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. एक लिटरची बाटली १२७ मिलिमीटरला भरते. मुंबईत एवढा पाऊस एका दिवसात सहज पडतो, तेव्हा बाटली मोठी घ्यावी. सांताक्रूझचा तो ९४४ मिलिमीटर पाऊस मोजायला साडेसात लिटरचे भांडे लागले असते.

काही शिक्षक म्हणतील, २००५ नंतर महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, कुलाब्याला रडार आहे, वेरावलीला दुसरे आले. आता मुलांच्या बाटल्यांना कोण विचारतो? आक्षेप वजनदार आहे. पण रडार पावसाला हात लावत नाही. थेंबांवरून परतलेल्या लहरींवरून ते अंदाज बांधते, आणि तो अंदाज जमिनीवर मोजलेल्या पावसाशी ताडून पाहावा लागतो. स्वयंचलित यंत्राच्या नरसाळ्यातही पाला अडकतो, कबुतरे बसतात. शेजारच्या शाळेची वही असेल तर यंत्र चुकले की काय, हे निदान तपासता येते. उलट, आपल्या नोंदीही निर्दोष नसणार. गिरगावातल्या शाळांना अंगण नाही, आणि गच्चीवर वारा थेंब उडवून नेतो, म्हणून पाऊस थोडा कमीच भरेल. ही चूक किती, ती कठड्याजवळ जास्त की मध्यभागी, हे दोन बाटल्या ठेवून शोधता येते. माझ्या मते आकृतीला नावे देण्यापेक्षा हे विज्ञान अधिक आहे.

आणि नोंदीचे मोल लगेच कळत नाही. मे २०२५ मध्ये कुलाब्याला २९५ मिलिमीटर पाऊस झाला आणि १९१८ च्या मे महिन्याचा २७९ मिलिमीटरचा उच्चांक मोडला. हे आपण म्हणू शकतो, कारण १९१८ मध्ये कोणीतरी रोज सकाळी त्या पर्जन्यमापकापाशी जात होते. गिरगावाला तसा १०७ वर्षांमागचा आकडा हवा असेल तर तो आता कुठून आणणार?

एक अडचण मात्र खरी आहे. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून, आणि शाळा उघडतात जूनच्या मध्याला. २०२५ मध्ये तर पाऊस २६ मे रोजीच आला. मुले गावाला, शाळा बंद. म्हणून वही एकट्या वर्गाच्या स्वाधीन करू नये. शाळेजवळच्या चाळीत राहणारे दोन विद्यार्थी व शाळेचे शिपाईकाका यांच्यात सुट्टीतल्या पाळ्या लावून घ्याव्यात, आणि बाटली मेच्या पंधरा तारखेलाच गच्चीवर ठेवावी.