दोघांनीही एकेक पाऊल

सफाईने इंग्रजी बोलणाऱ्यासमोर आपला एरवी खणखणीत बोलणारा माणूसही उगीचच आवाज बारीक करतो. प्रश्न बुद्धीचा नसतो. एक जण स्वतःच्या घरी ऐसपैस बसलेला असतो आणि दुसरा पाहुण्यासारखा उंबऱ्याशी अवघडून उभा असतो, एवढेच. भाषेतली ही विषमता मोडण्यासाठी डोळ्यांच्या एका डॉक्टराने चक्क नवी भाषा रचली. तिचे नाव एस्पेरांतो.

लुडविक झामेनहोफ १८५९ साली बियालिस्टोक गावी जन्मला. तेव्हा रशियन साम्राज्यात असलेले हे गाव आज पोलंडमध्ये आहे. तिथे पोलिश, रशियन, जर्मन आणि ज्यू शेजारी राहत, पण एकमेकांकडे संशयाने पाहत. स्वतः ज्यू असलेल्या झामेनहोफने १८८७ साली वॉर्सात आपल्या भाषेचे पहिले पुस्तक काढले. त्यावर टोपणनाव घातले ‘डॉक्टर एस्पेरांतो’, म्हणजे आशा बाळगणारा. पुढे तेच भाषेचे नाव झाले.

व्याकरणाचे नियम अवघे सोळा. नाम ‘ओ’ने संपते, विशेषण ‘आ’ने. मी जातो, ती जाते, ते जातात, या सगळ्यांना क्रियापदाचे एकच रूप. ‘बोना’ म्हणजे चांगला, तर ‘मालबोना’ म्हणजे वाईट. ‘पात्रो’ म्हणजे वडील आणि ‘पात्रीनो’ म्हणजे आई. आई ही वडिलांना प्रत्यय जोडून व्हावी, हे मात्र मला खटकते. शिवाय बहुतेक शब्द युरोपीय असल्याने मराठी किंवा चिनी माणसाला इटालियन माणसापेक्षा जास्त चालावे लागते, हा आक्षेपही खराच.

तरीही ‘फसलेला प्रयोग’ म्हणून तिला निकालात काढणे मला मान्य नाही. निरुपद्रवी छंदाला सत्ताधीश घाबरत नाहीत. हिला ते घाबरले. १९२०च्या दशकात राष्ट्रसंघात तिची चर्चा निघाली तेव्हा फ्रान्सने विरोध केला. १९३७-३८मध्ये स्टॅलिनच्या राजवटीने एस्पेरांतो बोलणाऱ्यांना तुरुंगात डांबले, काहींना गोळ्या घातल्या. हिटलरला तर त्यात ज्यूंचा कट दिसला. झामेनहोफ १९१७ सालीच वारला होता. पण त्याच्या तिन्ही मुलांना नाझींनी मारले.

एका भाषेने द्वेष संपत नाही, हे यातून कळतेच. इंग्रजीमागे साम्राज्य होते, आता बाजारपेठ आहे. एस्पेरांतोमागे फक्त हौशी माणसे. पण १९०५च्या पहिल्या जागतिक अधिवेशनापासून आजवर, महायुद्धांचे खंड सोडले, तर ही माणसे भेटत आली आहेत. तिथे कुणी यजमान नाही, कुणी पाहुणा नाही. भाषा दोघांनीही शिकलेली, चुका दोघांच्याही.

आपल्या मुलांनी इंग्रजी जरूर शिकावे. पोटापाण्याला ते लागते. पण उत्तम इंग्रजी म्हणजे उत्तम माणूस, हा समज त्याबरोबर घरात येऊ नये. आपल्याशी मोडक्यातोडक्या मराठीत बोलणाऱ्याला हसण्याआधी त्याने आपल्या दिशेने किती पावले टाकली, ते मोजावे. एखादे पाऊल आपणही टाकावे. झामेनहोफचे मागणे तरी याहून वेगळे कुठे होते?