भरीव सुरासाठी हाड कशाला?

महावीर जन्मकल्याणकाच्या भक्तिसंध्येत आमचा नातू गेली दोन वर्षे इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. घरी गोड वाटणारी त्याची लीड, म्हणजे एकेका तारेवर वाजवलेली स्वरपंक्ती, मंडपात मात्र डासाच्या गुणगुणीसारखी बारीक होते. यंदा त्याने एका वाद्यांच्या दुकानात उपाय विचारला. सल्ला मिळाला तो असा, की गिटारची प्लॅस्टिकची 'नट' काढून हाडाची बसवावी, आवाज भरीव होईल. नट म्हणजे खुंट्यांच्या अलीकडे बसवलेली खाचांची अरुंद पट्टी. हाडाची पट्टी बहुधा गुरांच्या हाडाची असते. मुलाने हे घरात सरळ सांगितले. सौ.नी हातातील माळ खाली ठेवली आणि एवढेच विचारले, "ते वाद्य घेऊन तू भगवंतासमोर बसणार?"

प्रश्न श्रद्धेचा होता. पण हाडाने सूर भरीव होतो, हे विधान तरी खरे आहे काय? तारण पाहिल्यावाचून अर्ज मंजूर करायचा नाही, ही माझी जुनी सवय. मी नातवाला म्हटले, "नटच्या अगदी लगत तारांखाली रुमालाची घडी सरकव आणि वाजव." मोकळी तार बद्द वाजली. मग त्याने बाराव्या पडद्यावर बोट दाबून तीच तार छेडली. सुरात काडीचाही फरक नाही. कारण उघड आहे. बोट दाबले की तार पडदा आणि ब्रिज यांच्यामध्येच कंप पावते; नट त्या व्यवहारातून बाहेर पडते. लीड तर जवळजवळ सर्वस्वी दाबलेल्या सुरांची. सतारीची गोष्ट निराळी. तिथे तार घोडीच्या रुंद पृष्ठभागाला स्पर्श करीत वाजते, त्यामुळे घोडीच्या पदार्थाला महत्त्व आहे. गिटारच्या नटच्या खाचा नीट कापलेल्या असाव्यात, म्हणजे तारा सुरात राहतात. त्यासाठी हाड लागत नाही.

मग भरीवपणा हरवतो कुठे? आम्ही अँप्लिफायरकडे वळलो आणि चूक तिथेच सापडली. बास आणि ट्रेबल पूर्ण चढवलेले, 'मिडल' जवळजवळ शून्यावर. खोलीत हळू आवाजात ही मांडणी कानाला मोठी आणि चकचकीत लागते, कारण आवाज लहान असताना आपल्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात आणि वाढवलेला बास ती उणीव भरतो. मंडपात मात्र खालची जागा ढोलकीने घेतलेली, वरची मंजिऱ्यांनी. गिटारला उरते ती मधली पट्टी, आणि तीच आम्ही बंद करून ठेवली होती! बारीक तारेचा बाराव्या पडद्यावरील सूर सुमारे ६५९ हर्ट्झचा असतो. म्हणजे लीडचा गाभाच मधल्या पट्टीत आहे. मिडल सातावर आणला, बास उतरवला.

दुसरा दोष 'गेन'चा. सूर जाड करण्यासाठी मुले तो वाढवीत जातात. पण अतिरेक झाला की आघाताचा चढउतार सपाट होतो आणि उरते ती घरघर. आम्ही तो निम्म्यावर आणला. सूर लवकर विझेल अशी त्याला धास्ती होती. ती बोटाच्या आंदोलनाने बरीचशी भरून निघाली.

त्याची गिटार तीन पिकअपची आहे. ब्रिजजवळचा पिकअप तीक्ष्ण, कारण तिथे तार फारशी हलत नाही आणि वरचे उपस्वर पुढे येतात. गळ्याजवळ तार मोकळी झुलते, मूळ स्वर बळकट मिळतो. लीडसाठी तो गळ्याचा पिकअप घ्यायचा आणि टोनची कळ थोडी उतरवायची ठरले. एरिक क्लॅप्टन यांनी १९६० च्या दशकात ही कळ जवळजवळ पूर्ण उतरवून गोलाईदार सूर काढला होता. पिकअप तारांच्या फार जवळ आणल्यास मात्र चुंबक तारेला ओढतो आणि सूर लवकर विझतो, हेही पेचकस हाती घेऊन पाहिले. पुढेमागे गिटार बदललीच तर हंबकर पिकअपची घ्यावी. सेथ लव्हर यांनी गिब्सन कंपनीसाठी १९५५ मध्ये त्याची रचना केली. दोन उलट वेटोळ्यांमुळे विजेची गुणगुण एकमेकींत मिटते आणि सूर आपोआप जाड होतो. आज त्या खर्चाचे कारण नाही.

खर्च झाला तो ०.०१० इंचाच्या जरा जाड तारांचा आणि एका जाड प्लॅस्टिकच्या नखीचा. कासवाच्या कवचाच्या नख्या एकेकाळी नामांकित होत्या, हे मी सौ.ना सांगितले नाही.

रविवारच्या तालमीत ढोलकी आणि हार्मोनियम यांच्यामध्ये गिटार स्वच्छ ऐकू आली. नातवाने आजीला मुद्दाम नेले होते. त्यांनी स्तवन संपेपर्यंत ऐकले, मग गिटार हातात घेऊन उलटसुलट पाहिली. गळ्यावरचे पांढरे ठिपके कशाचे, हे विचारले; प्लॅस्टिकचे आहेत हे कळल्यावर खांद्याचा पट्टा पाहिला. पट्टा नायलॉनचा, पण त्याची दोन्ही टोके चामड्याची निघाली. सोमवारी सुती पट्टा आणला.