एका तारेचा विवेक

मोटारीतील मूळ स्टिरिओ काढून बाजारातील पडद्याचा नवा संच बसवण्याची हौस आज घरोघरी दिसते. हे काम नेटके व्हावे यासाठी आधी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. गाडीच्या तारा कापू नयेत. त्या गाडीसाठी मिळणारा कपलर वापरावा, म्हणजे जुना संच केव्हाही पुन्हा जोडता येतो. नव्या संचाची पिवळी तार बहुधा बॅटरीच्या अखंड पुरवठ्याची, लाल तार चावीवर चालू होणारी आणि काळी अर्थिंगची असते.

आणखी एक तार हँडब्रेकच्या स्विचला जोडायची असते. हँडब्रेक ओढलेला असेल तरच पडद्यावर चित्रपट दिसावा, हा तिचा हेतू. परंतु पुष्कळदा ग्राहकाच्या आग्रहाखातर कारागीर ती थेट अर्थिंगला जोडतो आणि धावत्या गाडीतही चित्रे हलू लागतात.

मुनिराज ईर्यासमिती पाळताना चार हात भूमी पाहून पाऊल टाकतात. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार दोन सेकंदांत सुमारे ३३ मीटर पुढे जाते. तेवढा वेळ नजर पडद्यावर राहिली, तर तितका रस्ता न पाहताच तुडवला जातो. वाटेत एखादे लेकरू असेल, एखादे मुके जनावर असेल.

प्रमाद हे हिंसेचे मूळ होय. म्हणून ती तार तिच्या जागीच जोडून घ्यावी. प्रवासात स्तवने अवश्य ऐकावीत. त्यांसाठी डोळे लागत नाहीत.