एका बाकावरचे दोन दर

सप्टेंबरअखेरीस इंग्लंडमधील विद्यापीठांचे वर्ग सुरू होतात आणि भारतातून गेलेला विद्यार्थी पहिल्या चर्चासत्राला जाऊन बसतो. त्याची खरी अडचण भाषेची असते, असे इकडच्या पालकांना वाटते. ते अर्धसत्य आहे. पंधरा-सोळा वर्षे ज्याने उतरवून घेतलेल्या टिपणांवर आणि ‘अपेक्षित’ प्रश्नसंचांवर परीक्षा दिल्या, त्याला तेथे प्रथमच कोणी तरी विचारते की, वाचलेल्या ग्रंथातील कोणते प्रतिपादन तुला अमान्य आहे? ग्रंथातील वाक्ये जशीच्या तशी लिहून काढणे ही येथे स्मरणशक्तीची कसोटी होती. तेथे तो शिस्तभंग ठरतो. प्राध्यापकांना नावाने हाक मारावयाची, त्यांच्याशी मतभेद व्यक्त करावयाचा आणि तरीही गुण मिळवावयाचे, ही रीत अंगवळणी पडण्यास अवधी लागतो.

नेमका तो अवधीच त्याच्यापाशी नसतो. पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा एकाच वर्षाचा. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करण्याची त्याला मुभा आहे. मुभा कसली, घरभाडे भागवावयाचे तर ती सक्तीच. रात्री गोदामात खोकी उचलून सकाळी वर्गात आलेला तरुण चर्चेत गप्प बसतो आणि त्याचे मौन हा भारतीय विद्यार्थ्यांचा स्वभावदोष म्हणून सांगितला जातो. त्याच्या हजेरीवर विद्यापीठाने लक्ष ठेवावे व तो वर्गातून नाहीसा झाल्यास ब्रिटिश गृहखात्याला कळवावे, असा नियम आहे. शेजारच्या इंग्रज विद्यार्थ्याने व्याख्याने बुडविली तर त्याची टिपणे अपुरी राहतात. याने बुडविली तर त्याचा व्हिसाच धोक्यात येतो.

बाक एक, व्याख्यान एक, दर मात्र दोन. इंग्लंडमध्ये पदवीच्या वर्गातील देशी विद्यार्थ्याच्या शुल्कावर सरकारी मर्यादा आहे. २०२५ पासून ती वर्षाला ९,५३५ पौंड झाली. परदेशी विद्यार्थ्यासाठी मर्यादाच नाही. विद्यापीठ मागेल तो दर. याचे सारे खापर थॅचरबाईंच्या माथी फोडून समाजवाद्यांना हात झटकता येणार नाहीत. १९७९ मध्ये त्यांच्या सरकारने परदेशी विद्यार्थ्याकडून शिक्षणाचा पुरा खर्च वसूल करण्याचे धोरण जाहीर केले, हे खरे. परंतु पहिली पाचर मारली ती मजूर पक्षाने. १९६७ मध्ये त्याच पक्षाच्या सरकारने देशी शुल्क ७० पौंडांच्या आसपास असताना परदेशी विद्यार्थ्यांवर २५० पौंड बसविले. सरकारी मदतीतील तूट परक्यांच्या खिशातून भरून काढण्याची चटक विद्यापीठांना पुढे लागली, तिचे बीज तेथे आहे.

हा खिसा कोणाचा? साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका सामान्यतः तारण मागतात आणि शेतजमीन बहुतेक बँकांना तारण म्हणून चालत नाही. शहरात सदनिका असणाऱ्याच्या मुलाचा मार्ग मोकळा. धुळे-लातूरकडील शेतकऱ्याच्या मुलाने चढ्या व्याजाच्या खाजगी वित्तसंस्थेच्या दारात उभे राहावे. अशा मुलाला ‘देश सोडून पळालेला’ म्हणून हिणविणारी मंडळी आपल्याच गोटात कमी नाहीत. येथील विद्यापीठांत प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिक्त ठेवून त्याला बाहेर ढकलले कोणी, हा प्रश्न त्यांना पडत नाही.

ज्यांच्यापाशी तारणही नाही आणि पतही नाही, त्यांच्यासाठी शासनाची शिष्यवृत्ती हाच एक आधार. तेथे केंद्र सरकारने २०२२ मध्ये काय केले? अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मुख्यतः मिळणाऱ्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून भारताचा इतिहास, संस्कृती आणि समाजजीवन हे विषयच वगळले. या विषयांचे तज्ज्ञ देशातच आहेत, असे कारण देण्यात आले. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमधील एका चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींची उत्पत्ती व घडण यांवर निबंध वाचला. संस्थानिकाच्या पैशावर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला जो विषय मांडता आला, तो प्रजासत्ताकाच्या पैशावर शिकणाऱ्याला निषिद्ध! जातीची चिकित्सा परक्या वर्गात, परक्या प्राध्यापकांसमोर होऊ नये, ही धास्ती कोणाला आहे, हे कार्यकर्त्यांना वेगळे सांगावयास नको.

विषय मान्य असलेल्यांची गतही फार निराळी नाही. जुलै २०२५ मध्ये या शिष्यवृत्तीसाठी १०६ जणांची निवड झाली. पत्रे प्रथम मिळाली ती केवळ ४० जणांना. उरलेल्यांना, निधी उपलब्ध झाल्यास विचार होईल, असे कळविण्यात आले. तोवर वर्ग सुरू व्हावयास जेमतेम दोन-अडीच महिने उरले होते आणि शिष्यवृत्तीचे पत्र हाती आल्यावाचून व्हिसाचा अर्जही करता येत नव्हता.