‘टाइप २’ म्हणजे दुसरी स्टेज नव्हे! आकडा नेमके काय सांगतो?

स्वारगेट : पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट ही पुणे मेट्रोची मार्गिका १, तर वनाज ते रामवाडी ही मार्गिका २. पण मार्गिका २ रामवाडीपर्यंत मार्च २०२४ मध्येच सुरू झाली; मार्गिका १ वरची मेट्रो स्वारगेटला पोहोचली २९ सप्टेंबर २०२४ रोजी. म्हणजे इथे आकडा ही केवळ ओळख आहे, आधी कोण आणि नंतर कोण, हे तो सांगत नाही. मेट्रोत त्याने काही बिघडत नाही. मेडिकल रिपोर्ट वाचताना मात्र बिघडू शकते.

इतिहासात : आकडा मागाहून
१४ जानेवारी १७६१ रोजी लढणाऱ्यांनी ‘तिसरे पानिपत’ म्हणून तलवार उपसली नव्हती. १५२६ आणि १५५६ च्या लढायांपाठोपाठ मांडून इतिहासकारांनी तिला तिसरी म्हटले. मराठीने पेशव्यांसाठी तर आकड्याऐवजी विशेषणेच वापरली : ‘थोरले’ बाजीराव, ‘सवाई’ माधवराव.

विज्ञानात : शेवटचा, पण सर्वांत आधी
थर्मोडायनॅमिक्सचे पहिले तीन नियम ठरल्यानंतर ‘झीरोथ लॉ’ हे नाव आले. तापमान मोजण्याचा पायाच या नियमात असल्याने त्याला पहिल्याच्याही आधी बसवले गेले.

वैद्यकात : एकच आकडा, तीन अर्थ
• क्रम : लशीचा पहिला डोस, मग दुसरा.
• प्रकार : टाइप १ मधुमेहात शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. टाइप २ मध्ये इन्सुलिनचा परिणाम नीट होत नाही आणि पुढे ते अपुरेही पडते. टाइप १ वाढून टाइप २ होत नाही.
• तीव्रता : कॅन्सरची स्टेज १ ते ४ अशी चढती असते. भाजण्याची ‘डिग्री’ही तशीच. थर्ड डिग्रीत त्वचेचे सगळे थर जळतात. तिथल्या नसाही जळाल्याने दुखणे कमी वाटू शकते. ‘फार दुखत नाही, म्हणजे किरकोळ आहे’ असे समजून घरी थांबणे धोक्याचे आहे.

मग काय करायचे?
रिपोर्टवर आकडा दिसला की त्याआधीचा शब्द वाचा : डोस, टाइप, स्टेज की डिग्री? तरीही उलगडा झाला नाही, तर डॉक्टरांना सरळ विचारा, ‘हा आकडा क्रमाचा, प्रकाराचा की तीव्रतेचा?’ घाबरायचे की धावपळ करायची, हे त्यानंतर ठरवा.