चहाला औषध ठरवण्याची घाई

चहामुळे मोठ्या आतड्याचा कर्करोग टळतो, हा दावा निव्वळ थापेवर उभा नाही. हिरव्या चहात कॅटेचिन गटातली द्रव्ये भरपूर असतात आणि त्यांपैकी ईजीसीजीचा अभ्यास सर्वाधिक झाला आहे. पोटात गेलेल्या ईजीसीजीचा थोडाच भाग रक्तात शोषला जातो. बराचसा मोठ्या आतड्यात पोहोचतो आणि तिथले जिवाणू त्याचे विघटन करतात. इतर अवयवांसाठी ही अडचण असली, तरी आतड्यासाठी ती सोयच म्हणायची. शांघायमधल्या सुमारे ७० हजार स्त्रियांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नियमित हिरवा चहा पिणाऱ्यांना या कर्करोगाचा धोका ३७ टक्क्यांनी कमी आढळला.

मात्र अशा पाहणीत चहाचा परिणाम आणि पिणाऱ्याच्या बाकीच्या सवयींचा परिणाम पूर्णपणे वेगळा काढता येत नाही. त्यासाठी चाचणीच हवी. जपानमध्ये आतड्यातले पॉलिप (पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या गाठी) काढून टाकलेल्या १३६ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. वर्षभरानंतर चहाचा अर्क न घेणाऱ्यांपैकी ३१ टक्के, तर घेणाऱ्यांपैकी १५ टक्के जणांना पुन्हा पॉलिप झाले. आकडे मोहात पाडणारेच होते. पुढे जर्मनीत अशाच पावणेनऊशेवर लोकांवर तीन वर्षे चाचणी चालली. २०२२ च्या निकालात हेच प्रमाण अनुक्रमे सुमारे ५६ आणि ५१ टक्के निघाले. म्हणजे योगायोगानेही पडू शकेल एवढाच फरक. पुरुषांत काही फायदा दिसला खरा, पण तो दुय्यम विश्लेषणातला. चाचणी मोठी झाली तसा चमत्कार आटला. मात्रा कमी पडली असेल, असा आक्षेप येईल. जर्मनीत ती दिवसाला ३०० मिलिग्रॅम ईजीसीजी होती. पण ८०० मिलिग्रॅम आणि त्यावरच्या पूरक गोळ्यांनी यकृतावर ताण पडल्याच्या खुणा दिसतात, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्येच नोंदवले आहे. त्यामुळे ‘घेतल्या कॅप्सूल तर बिघडले कुठे’ हा युक्तिवादही लंगडाच.

शिवाय आपण पितो तो सीटीसीचा, म्हणजे दाणेदार, काळा चहा. तो तयार होताना बहुतेक कॅटेचिनांचे रूपांतर थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिनमध्ये होते. वर दूध-साखर पडते ती वेगळीच. या दोन्ही चाचण्या त्या चहाच्या नव्हत्याच. चहा आवडतो म्हणून खुशाल प्यावा, साखर थोडी कमी घालावी. पण शौचावाटे रक्त जात असेल, तर चहावर विसंबून किंवा मूळव्याध समजून अंगावर काढू नका. डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी सांगितली तर कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) करून घ्या. जपान-जर्मनीतल्या त्या लोकांचेही पॉलिप आधी दुर्बिणीनेच काढले होते, अर्क त्यानंतर दिला गेला.